कुत्रं 'जिभल्या चाटतंय' याला दुसरा शब्द सुचवा

कृष्णाकाठ:
मिरजेत आमच्या गल्लीतल्या पोरांसाठी कुत्र्यांच्या हावभावांवर एक पान लिहितेय, माहिती इंग्रजीतली आहे. त्यात एक खूण अशी की समोर खायला काही नसताना कुत्रं झटकन जीभ काढून ओठ-नाक चाटतं, ते घाबरल्याचं, अवघडल्याचं लक्षण. मी लिहिलं, 'कुत्रं जिभल्या चाटत असेल तर जवळ जाऊ नका.' माझ्या नऊ वर्षांच्या भाच्यानं ते वाचलं आणि दुसऱ्या दिवशी बिस्कीट घेऊन गेला, का तर म्हणे भुकेलंय म्हणून चावत असेल, खायला दिलं की चावणार नाही. कुत्रं वसकन अंगावर आलं, नशीब दात लागला नाही. चूक त्याची नाही, माझ्या शब्दाची आहे. काय लिहू?

माणदेशी:
ताई, जिभल्या म्हटलं की हावरटपणा आलाच, तो काढता येत नाही. आमच्याकडं जनावर बुजलं म्हणतात, बैल असो नाहीतर कुत्रं. 'कुत्रं बुजलंय' लिहा.

कृष्णाकाठ:
दादा, बुजलंय हा निष्कर्ष झाला. पोराला डोळ्यांनी दिसतं ते सांगायचंय.

शुद्ध_मराठी:
'ओष्ठलेहन' हा नेमका शब्द आहे, भुकेचा वास नाही त्याला. आणि कृपया देहबोली म्हणा, वर्तमानपत्रंसुद्धा हल्ली बॉडी लँग्वेज छापतात याचा त्रास होतो.

हळदपेठ_सांगली:
काका, देहबोली ठीक, रुळलाय तो. पण ओष्ठलेहन वाचून चौथीतलं पोर कुत्र्यापासून लांब राहील का? इथं शब्द कळला नाही तर चावा आहे. आणि ताई, त्या पानावर हेही घाला की ओरखडा जरी उठला तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि लगेच दवाखाना गाठायचा.

अजिंक्यतारा:
मला तर वाटतं आपल्या निम्म्या म्हणी कुत्र्याला माणूस समजून झाल्यात. 'गोंडा घोळणे' घ्या, म्हणजे लाडीगोडी, खुशामत. पण शेपूट हलतंय म्हणजे कुत्रं खूश असं नसतं, ताठ उंच शेपूट बारीक थरथरत हलत असेल तर ते चिडलेलं असू शकतं. इटलीत २००७ साली अभ्यास झाला त्यात मालक दिसला की शेपूट कुत्र्याच्या उजवीकडं जास्त झुकायचं आणि अनोळखी दांडगं कुत्रं दिसलं की डावीकडं. तसंच 'डोळे पांढरे होणे', आपण हबकलो की म्हणतो. कुत्रं तोंड एकीकडं फिरवून तिरकं बघतं, डोळ्याचा पांढरा कोर दिसतो, ते 'मला सोड' असं सांगत असतं. त्याच्या पुढ्यातली वाटी उचलायला जाऊन बघा, म्हणजे खरंच जाऊ नका.

माणदेशी:
'शेपूट घालणे' मात्र अचूक. भ्यालेलं कुत्रं तसंच करतं, माणसाला शब्द तिथूनच आला.

मिरज_मळा:
आमच्या कुत्रीला इंजेक्शनच्या टेबलावर ठेवली की सारखी जीभ फिरवते, जांभया देते, कान मागं पडलेले. आम्ही चार वर्षं म्हणत होतो झोप आलीय तिला. आता वाईट वाटतं. आणि 'ओशाळलं' हा शब्दपण बघा कोणीतरी, चप्पल फाडली की कुत्रं ओशाळतं म्हणतो ना आपण?

अजिंक्यतारा:
त्यावर अमेरिकेत २००९ मध्ये प्रयोग झालाय, अलेक्झांड्रा होरोविट्झ यांचा. कुत्र्यानं खाऊ चोरला असो-नसो, मालक रागावला की तो चेहरा यायचा. म्हणजे ते ओशाळणं नाही, आपल्या आवाजाला दबणं आहे.

मिरज_मळा:
तरी मी ओशाळलंच म्हणणार. बोलीत शब्द असा बसलाय की काढला तर घरात कोणाला कळणार नाही मी काय बोलतेय.

शुद्ध_मराठी:
शेपूट शब्द निघालाच आहे म्हणून, माझ्या मते तो संस्कृत 'शेप'वरूनच आला. ऐतरेय ब्राह्मणात अजीगर्ताचे तीन मुलगे आहेत, शुनःपुच्छ, शुनःशेप आणि शुनोलाङ्गूल. तिघांच्याही नावाचा अर्थ कुत्र्याचं शेपूट!

हळदपेठ_सांगली:
शेप पटलं, पण 'ऊट' कुठून आलं ते सांगा. नुसतं आवाज जुळला म्हणून व्युत्पत्ती होत नाही.

शुद्ध_मराठी:
पुच्छापासून. शेप-पुच्छ.

हळदपेठ_सांगली:
म्हणजे शेपटाचं शेपूट? नाही पटत.

माणदेशी:
कुत्र्याचं मोठेपण बघायचं तर साताऱ्याजवळ संगम माहुलीला जा. शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे तिथं. शिकारीत वाघ चालून येतोय हे त्यानं भुंकून सांगितलं म्हणून महाराज वाचले असं सांगतात. त्याचं भुंकणं महाराजांना कळलं, त्याला कुठला शब्द लागला?

अजिंक्यतारा:
समाधी संगमाला लागूनच आहे ना? लहानपणी आज्जीबरोबर गेलोय, उन्हात दगड तापलेला आठवतो.

कृष्णाकाठ:
पान सोमवारी झेरॉक्सला द्यायचंय. सध्या लिहिलंय, 'खायला काही नसताना कुत्रं झटझट जीभ बाहेर काढून नाक चाटतंय, तर ते घाबरलंय, लांबूनच जा.' लांब वाक्य आहे पण भाच्याला वाचून दाखवलं तर त्यानं बिस्किटाचं नाव काढलं नाही. एका शब्दात बसणारं काही असेल तर सांगा.

मिरज_मळा:
ताई, 'झटझट' की 'लपलप'?

शुद्ध_मराठी:
लपलप दूध पिताना.