रोहित्र म्हणावं की डीपी?

शिल्प निदेशक, परभणी

आयटीआयच्या वीजतंत्रीच्या वर्गात परवा एका पोराला विचारलं, रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) म्हणजे काय? पोरगा जिंतूरकडच्या खेड्यातला, घरच्या मोटारीचा स्टार्टर स्वतः उघडून कॉन्टॅक्ट घासणारा. तरी गप्प उभा. मग म्हटलं, "अरे, डीपी!" त्याबरोबर तेल, बुशिंग (तारा जोडायचे चिनी मातीचे खुंट), डीओ (वरच्या बाजूचा फ्यूज), सगळं घडाघडा सांगितलं.

शाळेच्या पुस्तकात विभवांतर, वीज कंपनीच्या पत्रकात विद्युतदाब, शेतात होल्टेज. शाळेत चलित्र, विहिरीवर मोटार. हे सगळं एकच आहे, हे पोरांना कुणी सांगत नाही. माझं स्पष्ट मत आहे की शेतात जो शब्द चालतो तोच पुस्तकात आणि फलकावर यावा. रोहित्र, चलित्र, भूसंपर्कन (अर्थिंग) हे शब्द सोडून द्यावेत.

निवृत्त उपअभियंता, लातूर

सर, हे पटत नाही. डीपी म्हणजे डबल पोल, दोन खांबांचा सांगाडा. त्यावर ट्रान्सफॉर्मर बसवतात म्हणून लोक ट्रान्सफॉर्मरलाच डीपी म्हणू लागले. पण नुसता एबी स्विच (लाईन तोडायचा खांबावरचा स्विच) बसवलेला दोन खांबांचा सांगाडाही डीपीच असतो, तिथं ट्रान्सफॉर्मर नसतो.

नोकरीत असताना एकदा रात्री निरोप आला, "डीपी जळाली." भर पावसात चिखल तुडवत गेलो. ट्रान्सफॉर्मर ठणठणीत होता, खालच्या पेटीतलं एक किटकॅट, म्हणजे फ्यूज, काळं पडलं होतं. दुसऱ्या एका गावातून निरोप आला, "डीपीचा फ्यूज गेलाय." माणूस फ्यूजची तार घेऊन गेला, तर ट्रान्सफॉर्मरच्या आतलं वाइंडिंगच जळालेलं. दोन दिवस गाव अंधारात राहिलं. सांगाडा, ट्रान्सफॉर्मर आणि पेटी या तिन्ही वस्तूंना एकच नाव दिलं की असं होणारच.

शेतकरी, केज

साहेब, शब्द तुमचे बरोबर असतील, पण अर्ज आम्हाला लिहावा लागायलाय. आमच्या डीपीवर चौदा मोटारी, सगळ्या पाच एचपीच्या. दर हंगामात जळायली. मला रोहित्र शब्द माहीत नव्हता म्हणून काही अडलं नाही. अडलं ते वर लिहिलेल्या 63 केव्हीएचा अर्थ कुणी सांगितला नाही म्हणून.

निवृत्त उपअभियंता, लातूर

बरोबर विचारलंत. 63 केव्हीए ही ट्रान्सफॉर्मरची क्षमता, म्हणजे 433 व्होल्टच्या बाजूला प्रत्येक फेजवर साधारण 84 अँपिअर. पाच एचपीची मोटार सात-साडेसात अँपिअर ओढते. अकरा मोटारींतच तो भरतो आणि तुमच्या चौदा आहेत. त्यात लाईट आली की ऑटोस्विचमुळं सगळ्या एकदम सुरू होतात, आणि सुरू होताना मोटार नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा आणि अर्जात क्षमतावाढ मागा. नुसती दुरुस्ती मागितली तर तेवढ्याच क्षमतेचा दुसरा बसवून देतील.

शिक्षिका, नांदेड

रोहित्र शब्दाबद्दल माझी वेगळी तक्रार आहे. 'रुह्' म्हणजे चढणं. परळीच्या औष्णिक केंद्रात तयार झालेली वीज लांब पाठवायची तर दाब चढवावाच लागतो, नाहीतर तारांमध्येच बरीच वाया जाते. पण गावातल्या खांबावर तर 11000 व्होल्टचे 433 होतात, म्हणजे दाब उतरतो. शब्दात अर्धंच काम दिसतं. तरीही तो टाकून देऊ नये असंच मी म्हणेन. भारनियमन हा शब्दही सरकारीच ना? आज माझी आईसुद्धा तो बोलते, कारण तिनं ते सोसलंय. उपकेंद्राचंही तेच. पुस्तकात आणायचेच असतील तर गावाकडचे मराठी शब्द आणा. तारांना झोळ पडतो, खांबाला ताण देतात. हे कुठल्या पुस्तकात आहेत?

लाईनमन, हिंगोली

मी खांबावर चढणारा माणूस आहे. "डीपी बंद केलीय" हे वाक्य मला नको. पेटीतले फ्यूज काढले तरी बंदच म्हणतात आणि वरचा डीओ पाडला तरी बंदच म्हणतात. नुसते पेटीतले फ्यूज काढले असतील तर वरच्या बुशिंगला 11 केव्ही जिवंत असतं. ते बंद समजून हात घातला की माणूस गेला.

आणखी एक. फोनवर वाऱ्यात एचटी (11 केव्हीची बाजू) आणि एलटी (433 व्होल्टची बाजू) एकसारखंच ऐकू येतं. उच्चदाब आणि लघुदाब म्हटलं तर घोटाळा होऊच शकत नाही. मी आता फोनवर तेच बोलतो, समोरच्याला तेच परत बोलायला लावतो आणि लाईन बंद असल्याचं परमिट हातात आल्याशिवाय चढत नाही.

शिल्प निदेशक, परभणी

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. उच्चदाब-लघुदाब उद्यापासून वर्गात. भूसंपर्कनाला मात्र मी अर्थिंगच म्हणणार, त्यात काही घोटाळा होत नाही. डीपी शब्दही पोरांच्या तोंडून काढणार नाही, पण खांबाखाली नेऊन सांगाडा, रोहित्र आणि पेटी यांवर वेगवेगळं बोट ठेवायला लावीन. पेटीला तुमच्याकडं काय म्हणतात?

शेतकरी, केज

डबा. आमच्या डब्याला दोन वर्षांपासून दार नाही, आतल्या तारा उघड्या. पोरं शाळंला बाजूनंच जायलीत. हे कसं लिहू, तेवढं सांगा.

निवृत्त उपअभियंता, लातूर

असं लिहा: "आमच्या गावातील 63 केव्हीए क्षमतेच्या रोहित्राच्या वितरण पेटीस दार नसून लघुदाब बाजूचे फ्यूज व तारा उघड्या आहेत. पेटी शाळेच्या रस्त्यालगत आहे. दार तातडीने बसवावे. रोहित्रावर पाच एचपीच्या चौदा मोटारी असल्याने क्षमतावाढही करावी." दोन प्रती काढा आणि एकीवर तारखेसह पोच घ्या.