मदत हवी आहे : मुलगा सकाळी काहीच खात नाही, रिपोर्टमध्ये साखर वाढलेली

मोगरा : लवकर सांगा, सोमवारी परत दाखवायला जायचंय. सकाळी दूध-बिस्किटं समोर ठेवते, तशीच राहतात. शाळेतून आला की मात्र दिसेल ते खातो. मान काळी पडलीय, घासून निघत नाही. डॉक्टर म्हणाले नाश्ता चुकवू नका. पण देऊ काय?

काळाचहा : वय, उंची, वजन? साखर उपाशीपोटीची की तीन महिन्यांची?

मोगरा : ११ पूर्ण, सहावीत. १४४ सेंमी, ५८ किलो. उपाशीपोटी १०४, तीन महिन्यांची म्हणजे एचबीएवनसी ५.९.

अनुराधा_क : ताई, मान घासू नका, तो मळ नाही. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की रक्तात इन्सुलिन वाढतं, त्याने मानेची, काखेची कातडी जाड आणि काळपट होते. त्यावरून पोराला बोलूही नका. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, इथून मागे फिरता येतं. माझी पुतणी फिरलीय. बिस्किटं आधी बंद करा, मैदा आणि साखरच ती.

रानवाट : नाचणीची आंबील द्या. दुसरं काही नको.

समीर७९ : नाश्ता देऊच नका. मी रोज १६ तास उपाशी राहून ११ किलो उतरवलं.

अनुराधा_क : तुम्ही मोठे आहात. तो वाढीचा मुलगा आहे, त्याला डॉक्टरांना न विचारता उपाशी ठेवायचं नाही.

समीर७९ : नाश्ता न करणाऱ्या मुलांत लठ्ठपणा जास्त दिसतो हे खरं. पण नाश्ता टाळल्यामुळेच तो येतो, हे कुठे सिद्ध झालंय?

काळाचहा : मुद्दा बरोबर आहे. अशा मुलांची झोपही बऱ्याचदा कमी असते. मोगरा, रात्री किती वाजता जेवतो?

मोगरा : साडेदहा. मी नऊला घरी येते, मग स्वयंपाक. झोपायला बारा. बस ६.२० ला.

काळाचहा : मग सहाला भूक लागेलच कशी? या वयाला ९ तास तरी झोप हवी. आधी रात्रीचं जेवण आठवर आणा. आणि सोमवारी लिव्हर, ट्रायग्लिसराइडची (रक्तातल्या चरबीची) तपासणी करायची का ते विचारा.

वसंत_नाशिक : शाळांच्या वेळाच चुकीच्या. २०२४ मध्ये सरकारने नऊच्या आधी भरवू नका असं काढलं होतं ना?

मोगरा : ते चौथीपर्यंतच. हा सहावीत आहे.

रानवाट : आंबील रात्री पीठ ताकात भिजवून सकाळी शिजवायची. वरून लसूण-जिऱ्याची फोडणी.

अनुराधा_क : सहाला बळजबरी नको. मधल्या सुट्टीच्या डब्यात मुगाचं धिरडं किंवा उकडलेलं अंडं द्या. विकतचा ज्यूस नको.

मोगरा : सासूबाईंशी बोलले. पोळी-भाजी आठला वाढतील म्हणाल्या. अंडं घरात चालत नाही. धिरडं गार झालं की चामट होतं, तो तसंच परत आणतो. दहापर्यंत डब्यात मऊ कसं राहील?