मालिकेतलं बाळंतपण बघून पहिलटकरणी घाबरतात, त्याचं काय?

रानजाई:
माझी नणंद पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीय, सातवा लागलाय. परवा रात्री जेवणं उरकून आम्ही मालिका बघत बसलो होतो. नायिका पूजेचं ताट घेऊन उभी असते, एकदम किंचाळते, पायाशी पाण्याचं थारोळं. मग पळापळ, स्ट्रेचर, घाम, एक मोठी किंकाळी, आणि डॉक्टर बाहेर येऊन अभिनंदन करतात. नणंदेने रिमोट घेऊन टीव्ही बंद केला. म्हणाली, "वहिनी, मला नाही जमायचं हे." हात धरला तर गार पडला होता.

मी तिला माझं सांगितलं. चार वर्षांपूर्वी पहाटेपासून मला थोडं थोडं ओलं होत होतं. कळा नाहीत, काही नाही. लघवी सुटत असेल अशा समजुतीने मी लाजेने दिवसभर घड्या बदलत राहिले. संध्याकाळी सासूबाईंच्या लक्षात आलं. दवाखान्यात पोचलो तेव्हा पाणी जायला लागून बारा तास उलटून गेले होते. जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून अँटिबायोटिक दिलं, कळांचं सलाईन लावलं. लेक सुखरूप झाली. पण पाणमोट फुटते म्हणजे बादली उपडी होते, हे माझ्या डोक्यात टीव्हीनेच भरलं होतं. खरं तर बहुतेक जणींना आधी कळा येतात, पाणी नंतर जातं. दहातल्या एखादीचंच पाणी आधी जातं, आणि तेही कधी कधी नुसतं झिरपतं.

मालिकावाल्यांनी हे नीट दाखवावं असं मला मनापासून वाटतं. तुमचं मत सांगा.

निळीशाई:
असहमत. मी काही वर्षं मालिकांच्या लेखनाच्या टीममध्ये होते, म्हणून लिहिते. भाग बावीसेक मिनिटांचा असतो, त्यात चार घरांच्या चार गोष्टी. बारा तासांच्या कळा कुणी बघणार नाही. प्रेक्षकाला काळजी वाटावी म्हणूनच तो प्रसंग लिहिलेला असतो. आणि बाळंतपणाची माहिती मालिकेतून घ्यायचीच का? नऊ महिने तपासणीला जातो, तिथे पाच मिनिटं बसवून कुणी समजावत नाही, त्याबद्दल रागवा. तुमच्या बाबतीतही पाणी कसं जातं हे आधी दवाखान्याने सांगायला हवं होतं.

रानजाई:
दवाखान्याबद्दलचं पटतं. वेळेचं नाही पटत. त्याच मालिकेत डोहाळजेवण आठवडाभर चाललं होतं. फुलांचे दागिने, झोपाळा, चंद्र, नाव, पेढा की बर्फी, सगळं सावकाश दाखवलं. मग कळांना अर्धंच मिनिट का? एखादी बाई घरात फेऱ्या मारतेय, आई तिची कंबर चोळतेय, दोन कळांमधलं अंतर घड्याळात बघतायत, एवढं दाखवलं तरी पुष्कळ झालं. त्यातही नाट्य आहे.

दवबिंदू:
मी नर्स आहे, ग्रामीण भागातल्या सरकारी दवाखान्यात 19 वर्षं बाळंतपणं करतेय. टीव्हीला सरसकट वाईट म्हणणार नाही. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली सुमारे 95 टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाल्याची नोंद आहे. याचं मोठं श्रेय आशाताईंचं, 2005च्या जननी सुरक्षा योजनेचं आणि 2011 पासून सरकारी दवाखान्यात मोफत झालेल्या बाळंतपणाचं. पण पडद्यावरची सूनही दवाखान्यात जाते, हे सासवा बघतात. त्याचा उपयोग होतो.

आता दुसरी बाजू. पहिलटकरीण येते, पोटात जरा आवळलं की ओरडून जोर लावायला लागते, कारण तिने तेच बघितलेलं असतं. तपासावं तर पिशवीचं तोंड जेमतेम दोन सेंटिमीटर उघडलेलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018च्या सूचनांप्रमाणे जोराच्या कळांचा टप्पा पाच सेंटिमीटरपासून धरतात, आणि पहिल्या खेपेला तिथून पुढे बारा तासांपर्यंत लागू शकतात. आधीच दमून गेली तर ऐन वेळी अंगात त्राण राहत नाही. दुसरं म्हणजे टीव्हीवरची बाई कायम उताणी पडलेली. मी म्हणते, बाई, सगळं ठीक आहे, ऊठ, चाल, खिडकीला धरून उभी राहा. ती म्हणते, "सिस्टर, बाळ पडेल ना!"

माळरान:
मी जे लिहिणार आहे ते अजून कुणाशी बोलले नाही. माझं पहिलं बाळ नवव्या आठवड्यात गेलं. आदल्या दिवशी मी स्टुलावर चढून माळ्यावरचा डबा काढला होता. घरात सगळ्यांनी तेच धरलं. मीही धरलं. मालिकेत बाळ जातं ते नेहमी कुणीतरी जिन्यात तेल सांडतं म्हणून, नाहीतर बाई धावली, पडली म्हणून. दोन वर्षं मी तो डबा डोळ्यांसमोरून हलवू शकले नाही. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी समजावलं की सुरुवातीच्या महिन्यांतले साधारण निम्मे गर्भपात गर्भाच्या गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात, आईने काही केलं म्हणून नाही. निळीशाई, प्रेक्षकाला काळजी वाटावी म्हणून लिहिता हे कळलं. पण तो जिना आमच्या घरात येतो.

निळीशाई:
माळरान, वाचून हात थांबला. जिन्याबद्दल तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. असे प्रसंग मीही लिहिलेत, आणि लिहिताना बघणारीचा विचार केला नव्हता. मूळ मुद्द्यावर मात्र मी कायम आहे. उद्या मालिकेत सगळं अचूक दाखवलं तरी तिला तिच्या पोटाबद्दल, तिच्या रक्तदाबाबद्दल सांगणारं माणूस समोरच लागतं. मालिका सुधारल्या म्हणून दवाखान्यांची जबाबदारी सुटू नये.

काठपदर:
सिझरचंही लिहा कुणीतरी. टीव्हीवर सिझर म्हणजे आई किंवा बाळ, एकच वाचणार. वर दिलेल्या त्याच पाहणीत महाराष्ट्रात चारातलं एक बाळंतपण सिझरने झालेलं आहे. माझंही. शुद्धीवर होते, बाळाचं रडणं ऐकलं, दुसऱ्या दिवशी कुणीतरी धरून चालवलं. एवढं साधं कुणी दाखवत नाही.

दवबिंदू:
रानजाई, नणंदेला एक सांगा. पाणी झिरपलं, अंगावरून रक्त गेलं, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर सकाळची वाट बघायची नाही. आणि लेबर रूम आधी बघून या. सोबत एक बाईमाणूस राहू द्यावं अशी केंद्र सरकारची सरकारी दवाखान्यांना 2016 पासून सूचना आहे. खासगीत असाल तर आत्ताच विचारून ठेवा.

रानजाई:
खासगीत आहे. गुरुवारी तपासणी आहे, मी सोबत जातेय. लेबर रूम बघू द्या आणि मला आत थांबू द्या, दोन्ही विचारते. तुमचा प्रतिसाद तिला मोठ्याने वाचून दाखवला. खिडकीला धरून उभं राहता येतं, हे तिने दोनदा विचारून खात्री करून घेतलं.