.२२ स्पोर्ट पिस्तूल: मॅगझीन रिलीजचं बटण अडकतंय

करवीर२२:
२५ मीटरचं .२२ पिस्तूल आहे. मॅगझीन (गोळ्यांची डबी) मुठीत बसतं, रिलीजचं बटण डावीकडे, ट्रिगर गार्डच्या मागे. अक्रोडाची ऑर्थोपेडिक (हाताच्या आकाराची) ग्रिप, उजव्या हाताची. पाऊस सुरू झाल्यापासून बटण दाबलं की आत जातं, पण बाहेर यायला रेंगाळतं आणि मॅगझीन घालताना नेहमीचा खट्ट आवाज येत नाही. पुसून भरपूर तेल सोडलं, तेवढ्यापुरता फरक पडला. सगळ्या मॅगझीनला सारखाच त्रास. स्प्रिंग बदलावी का?

टेनरिंग:
सगळ्या मॅगझीनला त्रास आहे म्हणजे दोष पिस्तुलात. एखादंच अडकलं असतं तर त्याची पडून चेपलेली बॉडी किंवा फाकलेले ओठ (गोळी धरणाऱ्या वरच्या कडा) बघायला सांगितलं असतं.

आधी मॅगझीन काढा, स्लाइड मागे अडकवा, चेंबर (गोळी बसते ती जागा) रिकामं आहे ना ते डोळ्यांनी बघा, सेफ्टी फ्लॅग (चेंबर रिकामं असल्याची खूण) घाला. मग मॅगझीनशिवाय बटण दाबून सोडा. तरीही रेंगाळत असेल तर दोष कॅच (बटणाला जोडलेला, मॅगझीन धरून ठेवणारा दात) मॅगझीनच्या खाचेत बसण्याचा नाही. बटणाच्या भोकात घाण आहे किंवा बाहेरून काहीतरी घासतंय.

घाणीचं कारण तेलच. .२२ च्या गोळीवर मेणाचा किंवा ग्रीसचा थर असतो. तो, न जळलेली पावडर आणि वरून सोडलेलं तेल मिळून चिकट लगदा होतो. बटण, स्प्रिंग काढून व्हाइट स्पिरिट आणि नायलॉन ब्रशने धुवा, भोक कापसाच्या काडीने काडी स्वच्छ निघेपर्यंत पुसा. सुईच्या टोकावर येईल एवढंच पातळ तेल लावा. डब्ल्यूडी-४० नको, त्याचा थर मागे राहून घट्ट होतो. स्प्रिंग गंजली किंवा वाकली असेल तरच बदला. ताणून लांब करू नका.

सुमेधा:
करवीरदादा, धुण्याआधी ग्रिप काढून बटण दाबून बघा. लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि थंब रेस्टच्या (अंगठा टेकायच्या उंचवट्याच्या) खालची कड नेमकी बटणाला भिडते. ग्रिपला आकार द्यायला पुट्टी लावली असेल तर तिथेही बघा.

करवीर२२:
ग्रिप काढली की बटण झटकन परत येतं! ग्रिप लावून कागदाची पट्टी सरकवली तर बटणाच्या खालच्या बाजूला अडकते. तिथली लाकडाची कड चकचकीत झाली आहे.

सुमेधा:
मग तेवढंच घासायचं. पेन्सिलीवर २४० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळा आणि ग्रिप पिस्तुलावरून काढूनच घासा, भुसा आत जायला नको. चार-पाच फेऱ्या मारा, ग्रिप लावा, कागद सरकवा. अर्धा मिलिमीटर फट पुरे. ग्रिपचे स्क्रू नेहमीएवढे आवळूनच तपासा, ढिल्या स्क्रूवर फट खोटी दिसते. थंब रेस्टच्या वरच्या भागाला हात लावू नका, पकड बदलेल. उघड्या लाकडाला डबल बॉइल्ड लिनसीड ऑइलचे दोन पातळ हात द्या, मध्ये एक दिवस सोडून. नाहीतर तिथूनच पुन्हा ओल शिरेल.

टेनरिंग:
बरोबर. लगदा असेलच, धुणं टाळू नका. आणि 'जरा सैल करू' म्हणून कॅचच्या दाताला कानस लावू नका. दात झिजला तर मॅगझीन मध्येच सुटेल. नीट न बसलेलं किंवा सुटून पडलेलं मॅगझीन आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमात अलाउएबल मालफंक्शन (सूट मिळणारा बिघाड) धरत नाहीत, यंत्रणा मोडली असेल तरच सूट. स्पोर्ट पिस्तूलच्या रॅपिड टप्प्यात प्रत्येक शॉटला टार्गेट ३ सेकंदच समोर असतं, राहिलेले शॉट शून्य. दातावर बर (धातूची उठलेली खरखरीत कड) दिसला तर परवानाधारक आर्मररकडे (शस्त्र दुरुस्त करणाऱ्याकडे) द्या.