विजेवरची बिडे सीट: गरज की थेर?

जुळे सोलापूर (धागाकर्ता): आईचे वय ७८ असून उजवा खांदा आखडल्यामुळे तिचा हात मागे पोहोचत नाही. कमोडशेजारी जेट स्प्रे आहे. परंतु डाव्या हाताने तो धरला की पाणी भिंतीवर आणि गाउनवर उडते, आणि सुनेला हाक मारावी लागू नये म्हणून ती हल्ली दिवसभर पाणीच कमी पिते. म्हणून बटण दाबताच कोमट पाण्याची धार सोडणारी व शेवटी वारा देऊन कोरडे करणारी बिडे सीट कमोडवर बसवावी, असे मला वाटते. जपानमध्ये टोटो कंपनीने १९८० मध्ये अशी सीट आणली आणि आता ती तेथे घरोघरी दिसते. थोरल्या भावाच्या मते मात्र हे थेर आहेत.

सात रस्ता: मी थोरल्या भावाच्या बाजूचा आहे. ज्या गावात वैशाखात टाकीतल्या पाण्याचा हाताला चटका बसतो, तेथे तेच पाणी तापवायला यंत्र कशाला? शिवाय बोअरच्या पाण्याचे क्षार साध्या जेटची भोकेही बुजवतात. मी महिन्या-दोन महिन्यांनी टाचणीने ती मोकळी करतो. त्या सीटच्या नाजूक नळीत टाचणी कोण घालणार?

बाळीवेस: माझे काम वायरिंगचे, म्हणून तेवढेच सांगतो. पाणी जागच्या जागी तापवणारी सीट बाराशे वॉटच्या वर वीज ओढते. तिला खरे अर्थिंग असलेला थ्री-पिन सॉकेट आणि ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) हवीच. जुन्या घरांतून अर्थिंगची पिन बऱ्याचदा नुसती शोभेला असते. बहुतेक सीटना किमान पाच मीटर उंचीवरून येणाऱ्या पाण्याइतका दाब लागतो, त्यामुळे गच्चीलगतच्या मजल्यावर पंपाशिवाय धार येत नाही. कोणी जपानहून आणून देतो म्हणाले तर नको म्हणा: तिकडची वीज १०० व्होल्टची, आपली २३०.

विजापूर रोड: जेट पुरेसा आहे, असे ज्याचा हात चालतो तोच म्हणतो. वडिलांच्या आजारपणात मी दोन वर्षे अशी सीट वापरली. क्षारांसाठी पाण्याच्या जोडणीवर फिल्टर लावला होता, आणि धारेची नळी लिंबूसत्त्वाच्या पाण्याने मऊ ब्रशने पुसत असे. एकदा मध्येच वीज गेली आणि वडील आतून हाका मारत राहिले, तेव्हा जुना जेट काढू नका, एवढे मात्र सांगेन.

सात रस्ता: खांद्याचा मुद्दा मान्य. तरीही विजेशिवाय, नुसत्या खटक्यावर चालणारी जोडणीही मिळते आणि ती पुष्कळ स्वस्त पडते. वारा मिळणार नाही. पुसायला टॉवेल आहेच.

विजापूर रोड: टॉवेल धरायला पुन्हा तोच हात लागतो, महाराज.

जुळे सोलापूर (धागाकर्ता): काल टेप लावून मोजले. आम्ही तळमजल्यावर, टाकी दुमजली घराच्या गच्चीवर, म्हणजे कमोडपासून सात मीटर. दाबाची अडचण नाही. अर्थिंग तपासून घेत आहे. आईला आतापर्यंत आम्ही कोणी विचारलेच नव्हते. तिने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले की, बटणे कोणत्या हाताला असतात? ती बहुधा उजवीकडेच असतात, हे दोघा भावांपैकी एकाच्याही ध्यानात आले नव्हते. आता डाव्या भिंतीवर रिमोट लावता येईल असे मॉडेल शोधतो आहे. कोणाच्या पाहण्यात असल्यास कळवावे.