१९९८ चा फ्रिज आणि १५० युनिटांची रेघ

राजेंद्रनगरकर (धागाकर्ता)

इंदूरच्या राजेंद्र नगरातील आमच्या घरात १९९८ साली महाराणी रोडवरून आणलेला ३०० लिटरचा, दोन दारांचा फ्रॉस्ट-फ्री फ्रिज आजही चालू आहे, आणि तो काढावा की नाही यावरून वडिलांचा आणि माझा वाद चालला आहे. वडिलांचे म्हणणे असे की चालती वस्तू घराबाहेर काढणे म्हणजे उधळेपणा. मी प्लगमध्ये लावायचा छोटा मापक आणून मोजले, तर उन्हाळ्यात तो दिवसाला १.९ युनिट आणि हिवाळ्यात १.३ युनिट खातो. तेवढ्याच क्षमतेच्या नव्या इन्व्हर्टर फ्रिजच्या लेबलावर वर्षाला २२० युनिट लिहिलेले आहेत. ती चाचणी दार न उघडता होते आणि आमच्याकडे दार दिवसभर उघडत असते, म्हणून मी २६० धरले.

आता मुख्य मुद्दा सांगतो. मध्य प्रदेशात महिन्याचा वापर १५० युनिटांच्या आत असेल, तर अटल गृह ज्योती योजनेत पहिली १०० युनिटे १०० रुपयांत मिळतात आणि वरच्या युनिटांना नेहमीचा दर लागतो. १५० ओलांडले की ही सवलत पूर्ण जाते. आमचा वापर उन्हाळ्याचे सहा महिने १७२ युनिटांच्या आसपास असतो. नवा फ्रिजही उन्हाळ्यात थोडे जास्त खाईल हे धरून तो महिन्याला ३२ युनिट वाचवील, म्हणजे आम्ही १४० वर येऊ. वाचलेल्या युनिटांचे सुमारे २२४ रुपये आणि सवलतीचे चारशेहून अधिक, असे सहा महिने, आणि हिवाळ्यातले महिन्याला शंभर-सव्वाशे रुपये धरता वर्षाला ४,४०० रुपये वाचतात. फ्रिजची किंमत २८,००० आहे. साडेसहा वर्षांत पैसे वसूल होतात. मग अडून बसायचे कशासाठी?

जुना पाना

आपला हिशेब चुकलेला नाही, पण तो उभा आहे सरकारी योजनेवर. हीच सवलत २०१९ मध्ये इंदिरा गृह ज्योती या नावाने होती. सरकार बदलले तसे नाव बदलले. उद्या मर्यादाही बदलू शकते. योजना वजा करून पाहा: वर्षाला २,००० रुपयेच वाचतात आणि वसुलीला १४ वर्षे लागतात.

तोवर नवा फ्रिज टिकेल, हे आपण गृहीत धरले आहे. माझ्याकडचा इन्व्हर्टर फ्रिज पाचव्या वर्षी बंद पडला. कॉम्प्रेसरला दहा वर्षांची हमी होती आणि कॉम्प्रेसर ठणठणीत होता. जळाला तो सर्किट बोर्ड, आणि त्याची हमी पहिल्या वर्षातच संपलेली होती. ४,८०० रुपये मोजावे लागले. आपल्या जुन्या फ्रिजमध्ये थर्मोस्टॅट, रिले आणि डिफ्रॉस्टचा टायमर, एवढाच पसारा असतो आणि तो गल्लीतला मिस्त्रीही बदलतो.

आधी दहा रुपयांची नोट दारात अडकवून दार लावा आणि नोट ओढून पाहा. ती सहज निघून आली, तर रबर ढिले पडले आहे. गरम पाण्यात पिळलेले फडके त्यावरून फिरवले की रबर मऊ होऊन पुन्हा बसते. मागची काळी जाळी कधी पुसली होती, हेही सांगा.

मालवी खवय्या

पाना यांच्याशी मी अर्धाच सहमत आहे. रबर आणि जाळीने फरक पडतो, पण पंचवीस वर्षांपूर्वीच्या भिंतींतला फोम नवा होत नाही. आपल्याकडे स्टार लेबलची सुरुवातच २००६ मध्ये झाली आणि फ्रॉस्ट-फ्री फ्रिजला ते २०१० पासून सक्तीचे झाले, म्हणजे हा फ्रिज बनवताना त्याच्या विजेचा हिशेब कोणी मागितलाही नव्हता. जुना कॉम्प्रेसर पूर्ण वेगाने चालतो नाहीतर बंद असतो. इन्व्हर्टरचा लागेल तेवढ्याच वेगाने फिरतो. नवा घेताना मात्र केवळ तारे मोजू नका, लेबलावरचे वर्षाचे युनिट आणि लेबलाचा कालावधी वाचा. निकष कडक होत गेले आहेत, त्यामुळे दुकानात पडून असलेल्या जुन्या मालाचे पाच तारे आजच्या पाचांइतके नसतात.

रामबागेची सून

तुम्ही सगळे फ्रिजच्याच मागे का लागला आहात, ते मला कळलेले नाही. मूळ धाग्यात ध्येय आहे उन्हाळ्यात १७२ वरून १५० च्या खाली येण्याचे. घरात दोन वृद्ध माणसे आहेत, म्हणजे निदान दोन पंखे दिवसाला १४ तास चालत असणार. जुना छताचा पंखा ७५ वॅट घेतो आणि बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा पंखा ३२ च्या आसपास. एका पंख्यामागे दिवसाला ०.६ युनिट, दोघांचे १.२, महिन्याला ३६. फ्रिजमुळे वाचणाऱ्या ३२ पेक्षा हे जास्तच आहे, आणि दोन पंखे ६,००० रुपयांत येतात. शिवाय ही बचत नेमकी उन्हाळ्यातच होते.

एकदा पंख्यांनी रेघेच्या आत आणले, की फ्रिज बदलून सवलत दुसऱ्यांदा मिळणार नाही. मग पाना यांचा १४ वर्षांचा हिशेबच खरा ठरतो.

राजेंद्रनगरकर

हे माझ्या लक्षातच आले नव्हते, हे प्रामाणिकपणे कबूल करतो. पंखे मागवले आहेत. नोटेची चाचणीही केली: तिन्ही बाजूंनी घट्ट बसली, पण बिजागरीकडच्या खालच्या कोपऱ्यातून तेल लावल्यासारखी सटकली. जाळीवरून निघालेल्या धुळीची जाड गोधडी वडिलांना दाखवली. दोन्ही कामे केल्यावर वापर १.९ वरून १.७ वर आला. वडील खूश आहेत.

मालवी खवय्या

पैशांचा वाद तुम्ही हरलात, हे मान्य करू. पण घरात इन्सुलिन आहे का? ते २ ते ८ अंशांत ठेवायचे असते. जुन्या थर्मोस्टॅटवर विसंबण्याआधी आत एक तापमापक ठेवा आणि भर दुपारी वाचा.

राजेंद्रनगरकर

आहे. वडिलांचेच आहे. काल दुपारी चार वाजता मधल्या कप्प्यात, जिथे त्यांची पेटी असते, तिथे ११ अंश होते. बटण फिरवून थंडी वाढवली, तर मागे ठेवलेले दूध गोठले आणि दुपारी पेटीजवळ पुन्हा ९. वडिलांनी तापमापक दोनदा स्वतः पाहिला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा पाहिला आणि विचारले की महाराणी रोडची दुकाने रविवारी उघडी असतात का.

जुना पाना

इन्सुलिनपुढे माझे काही म्हणणे नाही. ते आजपासून शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये ठेवा. फक्त मागच्या पाटीवर कोणता गॅस लिहिला आहे, ते वाचा. आर-१२ असेल तर भंगारवाल्याला नळी कापू देऊ नका. तो गॅस हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दहा हजार पट आहे आणि ओझोनलाही खातो. २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांत फ्रिजही येतो, तेव्हा तो नोंदणीकृत केंद्राकडेच द्या.

रामबागेची सून

आणि कृपा करून जुना ‘पाण्याच्या बाटल्यांपुरता’ म्हणून गॅलरीत चालू ठेवू नका. तसे केले तर नव्याचे युनिट जुन्यात मिळवावे लागतील आणि आपण १५० च्या पुन्हा पलीकडे जाल.

राजेंद्रनगरकर

पाटीवर आर-१२ च आहे. गॅलरीचे म्हणाल, तर आईने तुळशीची कुंडी कालच बाजूला सरकवून ठेवली आहे, आणि तिथे प्लग आहे का, असे तिने मला सकाळी विचारले.