मदत हवी आहे: भ्रम ओसरलाय, आता दादाला त्या रात्रींबद्दल काय सांगू?

नमस्कार मंडळी,

माझा मोठा भाऊ, वय ४४, सरकारी दवाखान्यात ॲडमिट आहे. वीसेक वर्षं रोज पिणं. आषाढीला माळ घालायची म्हणून त्याने स्वतःच्या मनाने एका दिवसात दारू तोडली. घरात सगळ्यांना केवढा आनंद! दुसऱ्या दिवशी हात इतके थरथरायला लागले की कप ओठाला लागेना. संध्याकाळी फिट आली, तसंच उचलून नेलं.

तिसऱ्या रात्री तो चादरीवरून मुंग्या वेचत होता. एकेक चिमटीत धरून माझ्या तळहातावर ठेवायचा, "धर, पोरीच्या अंगावर जातील." मुंगी एकही नव्हती. मी रात्रभर हात पुढे करत राहिलो.

डॉक्टर म्हणाले, वर्षानुवर्षं दारूने दबलेला मेंदू ती अचानक थांबली की उसळतो. फिट साधारण पहिल्या दोन दिवसांत येते, असा भ्रम दोन ते चार दिवसांत, आणि यात जीवही जाऊ शकतो. आम्हाला हे कुणालाच माहीत नव्हतं. तुमच्या घरात कुणी रोज पिणारं असेल तर कृपा करून डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदम बंद करायला लावू नका.

मेंदू शांत करणारं लोराझेपाम, बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं, सलाईन, सगळं वेळेवर मिळालं. औषधांबद्दल तक्रार नाही. पण तो सलाईन ओढायचा म्हणून हात बँडेजने बांधले, ते का बांधले हे शुद्धीवर आल्यावर त्याला कुणी सांगितलं नाही. बघायला येणारे नातेवाईक विचारतात, "आता तरी अक्कल आली का?" रात्रपाळीच्या एक सिस्टर मात्र दर वेळी सांगायच्या, "मी सिस्टर. आज मंगळवार. तुम्ही दवाखान्यात आहात, भाऊ शेजारी बसलाय." तेवढ्यानेही तो घटकाभर निवायचा.

आज सहावा दिवस. काल त्याने मनगटावरचे वळ बघितले आणि विचारलं, "मी काय काय बोललो रे?" मी म्हणालो, काही नाही. त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. खोटं त्याला कळलं.

खरं म्हणजे तो वहिनीला नको नको ते बोलला. ती दोन दिवस आलेली नाही आणि तिला आग्रह करणं मला पटत नाही. हे त्याला सांगावं का? किती? डिस्चार्जच्या आधी की घरी गेल्यावर? ज्यांच्या घरी हे घडलंय, किंवा जे स्वतः यातून गेलेत, त्यांनी लिहा. तुम्हाला तेव्हा काय ऐकायला हवं होतं?

काल रात्री १४४१६ ला, म्हणजे टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन केला. मराठीत शांतपणे ऐकून घेतलं, पुढचे उपचार मानसोपचार ओपीडीतून सुरूच ठेवा म्हणाले. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र माहीत आहे, पण आम्ही परभणीकडचे. लगेच इतक्या लांब ठेवलं तर घरच्यांनी टाकलं असं त्याला वाटेल का? आमच्या भागात एएची (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मराठी मीटिंग कुठे भरते? वहिनीसाठी ॲल-ॲनॉनचा, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांचा गट आहे का? तिच्याशीही कुणीतरी बोलायला हवं, सगळे फक्त दादाचीच चौकशी करतात.

त्याच्या दहा वर्षांच्या मुलीला आम्ही "बाबांना ताप आहे" असं सांगितलंय. तेही चुकलं असं आता वाटतंय.

चार वाजता मी परत वॉर्डात जाणार आहे. तो पुन्हा विचारेल.